मापांची कॅसेट

मोबाइल खाली ठेवा रे. आणि तू, चष्मेवाल्या, दाराकडे बघू नकोस. तिथे कुणी नाही. अजून तरी नाही.

तुमच्या चहात मीठ मीच टाकते, कबूल. पण ही थाप नाही. शिंपीमास्तरांच्या दुकानात मी एकवीस वर्षं काजं-बटणं केली. त्या रात्री मी तिथेच होते. मंगळवार, सतरा तारीख.

शाळेचे शर्ट बटणं लावून द्यायला गेले होते. बघते तर मास्तरांच्या पोराचा जुना दोस्त बसलेला. आता त्याचं मोठं नाव झालंय. चौघांनी मिळून बँड काढला होता, तेव्हा गाणारा मास्तरांचा पोरगा. पंक आणि रेगे म्हणायचे त्यांच्या गाण्यांना. पंक म्हणजे घराला आग लागल्यासारखं ओरडायचं, आणि रेगे म्हणजे ती विझवायची काही घाई नाही असं डुलायचं. मला बाई आवडायचं. मास्तरांना नाही.

"काका," तो दोस्त म्हणाला, "आमचा पहिला अल्बम, त्याच्या चाळीसच कॅसेट काढल्या होत्या. आता एक सापडत नाही. त्याची स्वतःची असेल ना तुमच्याकडे? त्याचा आवाज फक्त त्यातच आहे."

"आहे," मास्तर म्हणाले. "सकाळी आठला ये."

होती. पण कशी होती ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

मोजपट्टी धरायची आणि वहीत लिहायचं, दोन्ही एकदम मास्तरांना जमायचं नाही. म्हणून माप घेता घेता ते टेपरेकॉर्डरला सांगायचे, "छाती अडतीस, बाही चोवीस." मग रात्री ऐकत ऐकत कापड कापायचे. एक दिवस कोरी कॅसेट संपली. त्यांनी पोराची उचलली. कुणी पुसू नये म्हणून त्याने तिच्या कडेची टिकली तोडून खाच केली होती. मास्तर म्हणाले, "लाव गं त्यावर चिकटपट्टी. तेवढाच आरडाओरडा कमी."

लावली. मीच. हसत हसत. खाच बुजली की कॅसेट पुन्हा भरता येते.

पोराने मित्रांना ऐकवायला कॅसेट लावली, तर आतून बापाचा आवाज. छाती अडतीस. मित्र हसले. तो नाही हसला. दोन वर्षं स्टेजवर घालायला एक शर्ट मागत होता बापाकडे. त्याने एवढंच विचारलं, "बाबा, माझं माप आहे का यात?"

"आधी माणसासारखे केस काप," मास्तर म्हणाले.

तो घर सोडून गेला. आठ महिन्यांनी बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला... तिथेच जीव गेला त्याचा.

तर त्या मंगळवारी दोस्त गेल्यावर मास्तरांनी शटर आतून ओढलं आणि कॅसेट लावली.

"ताई, कुठेतरी राहिलं असेल. दोन गिऱ्हाइकांच्या मधे. एखादी ओळ."

पहिली बाजू संपली. सगळी मापंच. त्या जाड्या वकिलाची कंबर तर तीनदा. दुसरी बाजू लावली. तीही अर्ध्यावर मुकी झाली. नुसती खरखर. पावणेबारा वाजले.

"चला मास्तर. काही नाही त्यात."

"थांब."

ढप.

मग पुन्हा. ढप. सावकाश. डुलत.

मास्तरांचा चेहरा असा उजळला... मी तसा कधी पाहिला नव्हता.

आवाज आला. त्याचाच. पण गाणं नव्हतं.

"छाती... चौतीस."

ढप.

"खांदा... सोळा."

"गा ना, बाळा," मास्तर म्हणाले. "एकदाच."

...

"बाही... तेवीस."

"ऐकतोय मी. आता ऐकतोय ना!"

...

"कॉलर... पंधरा."

खट्. कॅसेट संपली.

मी मागे फिरवली. पुन्हा लावली. खरखर. फक्त खरखर.

मास्तरांनी फळीवरून काळं कापड काढलं. कापलं. चार वाजेपर्यंत मशीन चाललं. मी काजं केली, सात बटणं लावली. शर्ट हँगरला टांगला. कुलूप मी घातलं. किल्ली माझ्या कमरेला.

सकाळी आठला दोस्त बंद शटरसमोर हजर. मास्तरांनी त्याला सांगून टाकलं, "पुसली मी." त्याने नुसतं बघितलं आणि गेला. तशा बघण्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी कुलूप काढलं.

शर्ट हँगरलाच होता. पण चुरगळलेला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. वरची दोन बटणं उघडी. पाठ ओलीचिंब. घाम... हात लावला तर गरम. आताच कुणी काढून ठेवल्यासारखा.

उरलेली रात्र गायला होता तो. कुठेतरी. कुणासमोर तरी. आम्हाला सोडून.

मास्तरांनी स्वतः मरेपर्यंत तो शर्ट धुवू दिला नाही. रोज रात्री कॅसेट लावून बसायचे. पुन्हा कधी ढप म्हणूनसुद्धा वाजलं नाही. जाताना दोन्ही मला देऊन गेले. चिकटपट्टी लावणारी मीच ना.

आता बघ, चष्मेवाल्या. दारामागे खुंटीला काळं दिसतंय ना, तोच. सव्वीस वर्षं झाली.

जा. पाठीला हात लाव. मग मला थापाडी म्हण.

...

काय रे? हात का पुसतोस?