ब्रामचा जन्मवार

जावा बेटावरच्या जोग्या शहरातल्या सेकातेन जत्रेत जुन्या परदेशी कपड्यांचे ढीग एवढे उंच, की गेल्या साली आत शिरलेलं एक गिऱ्हाईक अजून बाहेर यायचंय! अशाच एका ढिगातून विदुरीनं जॅकेटची बाही ओढली... आणि दुसरी बाही पलीकडून कुणीतरी ओढली.

“सोडा ना, म्बाक!” पलीकडच्या तरुणानं तिला ताई म्हटलं.

“तुम्हीच सोडा, मास,” तिनंही त्याला दादा म्हणून परतवलं. “तुमच्या अंगावर हे खुंटीवर टांगल्यासारखं दिसेल.”

“बरं, तुम्ही घाला. मी नुसता बघत बसतो—”

बघत बसला तो चांगला तीन महिने. ब्राम त्याचं नाव. बर्फ घातलेली कॉफी, फोटो-बूथमधल्या चार चौकटींच्या पट्ट्या, स्कूटरवर त्याच्या पाठीची ऊब... विदुरीनं मनातल्या मनात लग्नाची केबाया चोळीसुद्धा शिवायला टाकली होती.

आणि एका दुपारी तो मान खाली घालून म्हणाला, “आपलं वेतोन जुळत नाही गं. ॲपवर बघितलं... माझा गुरुवार आडवा येतो. फारकतीचा योग आहे. आई कशी तयार होणार?”

जन्मवारांच्या या गणितापुढे जावातल्या भल्याभल्या प्रेमवीरांनी नांगी टाकलीय. विदुरी रडली, पण हटली नाही. पुढच्याच रविवारी तडक क्लातेन गावी, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

“इबू,” तिनं त्याच्या आईला आईच म्हटलं, “काही शांत-बिंत असेल तर करू. पण वेतोनसाठी मला नाकारू नका...”

सोयाबीनचे टेंपे तळणारा हात थबकला. “मी नाकारलं? अगं, ब्राम जन्मला गुरुवारी, पण सूर्य बुडाल्यावर. म्हणजे आपला शुक्रवारच की! ॲपला काय डोंबल कळतंय? उत्तम जुळतंय तुमचं. गेल्या महिन्यातच त्याला बजावून सांगितलंय मी...”

कढईतले तुकडे काळे पडत गेले.

तेवढ्यात ब्राम दारात. “विदुरी? मी... मी सांगणारच होतो—”

“‘नको’ एवढंच म्हणायचं होतंस. तेवढ्यासाठी आईला कशाला पुढे केलंस, ब्राम?”

तो दारातून बाजूला झाला.

“बस गं पोरी. दोन घास खाऊन जा,” आई पुटपुटली.

“नको, इबू.”

विदुरीनं निरोपाचा नमस्कार म्हणून वाकून तिचा हात कपाळाला लावला. ती माऊली काही केल्या हात सोडेना. शेवटी विदुरीलाच तो सोडवून घ्यावा लागला.