जुईचा कोनाडा

प्रयोगशाळेतल्या काचपात्रांत कवकाचे पांढरे तंतू निमूट वाढत होते. केतकीने त्यांचा ओलावा तपासला आणि डॉ. वसुधा अकोलकरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मला निद्रारस हवाय. घरच्या भिंतीसाठी."

अकोलकरांनी चष्मा काढला. जिवंत कवकभिंत ही त्यांचीच निर्मिती, आणि केतकी त्यांची सहायक. "भिंत झोपवलीस तर तडे कोण बुजवणार? तुझं घर एवढंसं, सगळ्या भिंती एकाच कवकाच्या. एक झोपली की सगळ्या झोपल्या. पुढे घर खचेल."

"खचू दे. जुईचा कोनाडा बुजायला नको."

शहरात घर घेणं आवाक्यातलं नव्हतं, म्हणून केतकी आणि तिचा नवरा हेरंब यांनी बाहेरच्या माळावर स्वतःच्या हातांनी घर उभं केलं. बांबूच्या चौकटीत भाताचं तूस भरलं, शेजारणीकडून वाटीभर कवकाचं विरजण आणलं. त्या वस्तीत विरजणाला नाही म्हणायची रीत नव्हती. खोली एक, माणसं तीन. दाराशी दोडक्याचा मांडव आणि कोंबड्या. पाहुणा आला की एकाने अंगणात जायचं, असं हेरंब गमतीने म्हणायचा. भिंत कच्ची होती तेव्हा त्यांची लहानगी लेक जुई हट्टाने तिला टेकूनच झोपायची, गुडघे पोटाशी घेऊन. भिंत तिच्याभोवती वाढली आणि तिच्या मापाचा कोनाडा झाला.

गेल्या थंडीत जुई तापाने गेली. केतकीने कोनाड्यावर पडदा लावला. तो बाजूला सारायचं धाडस तिला झालं नाही. हेरंब रडला नाही. त्याने वस्तीच्या वीजसाठ्यावर रात्रपाळी मागून घेतली आणि "बुजला कोनाडा तर बुजू दे," एवढंच म्हणाला. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. दगडाला पाझर फुटेल, पण याला नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"कवक श्वासातला कर्बवायू ओळखतं," अकोलकर सावकाश म्हणाल्या. "श्वास असेल तिथे जागा सोडतं. नसेल तिथे भरत जातं, घराची ऊब वाचावी म्हणून. हे तुला मी सांगायला नको. मग कोनाडा एव्हाना बुजायला हवा होता."

"रोज पडद्यावरून हात फिरवते. अजून पोकळ लागतं. उलट पलंगापाशी हेरंबच्या बाजूची भिंत फुगलीय. भिंतच बिघडलीय, मॅडम."

"हेरंब झोपतो कुठे?"

"पलंगावरच. दिवसा, मी इथे असते तेव्हा."

अकोलकर उठून कपाटाशी गेल्या. मग त्यांनी निद्रारसाची कुपी तिच्या हातात ठेवली. "आधी घरी जा. माणूस लपवाछपवी करतो, केतकी. कवकाला ती जमत नाही."

भर दुपारी केतकी घरी पोचली. पलंग रिकामा होता. पडद्यामागे कुणीतरी घोरत होतं.

तिने पडदा सारला. एवढा उंच हेरंब गुडघे पोटाशी घेऊन आत कोंबल्यासारखा झोपला होता. उशाला जुईचा स्वेटर. ती त्याला हाक मारणार, तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. जुईच्या टाचांच्या खळग्या नव्हत्या. डोक्याचा इवलासा गोल नव्हता. भिंतीने हेरंबच्या खांद्यांना जागा करून दिली होती.

"काय केलंस हे! तिचं माप गेलं रे!"

हेरंब दचकून उठला. "बुजू नये म्हणून... श्वास लागतो ना त्याला?"

"तूच म्हणालास ना, बुजू दे?"

"तू पडद्याकडे बघत बसायचीस. ते बघवत नव्हतं गं."

त्याने भिंत चाचपली. त्याची बोटं टाचांच्या जागी गेली आणि तिथेच थांबली. मग तो रडला, लहान मुलासारखा, आवाज न आवरता.

कुपी केतकीच्या पिशवीतच होती. आता झोपवून राखायचं तरी काय? तिने चपला काढल्या.

"सरक."

"मावणार नाहीस."

"थोडे दिवस अवघडेल," ती आत शिरत म्हणाली. "मग सरकेल भिंत."