दाराआडचे पाय

धरमपेठेतल्या देवाजींच्या जुन्या सामानाच्या दुकानात मेघा पावसापुरती शिरली होती. झाकोळलेली दुपार, चादरीखाली झाकलेले रेडिओ... आणि गल्ल्यापाशी, काळी तबकडी छातीशी धरून उभा असलेला एक भिजलेला तरुण.

"विकायची आहे," तो देवाजींना म्हणाला. "फक्त लावून नका पाहू."

"आयकल्याबिगर कसा घेईन गा?" देवाजी म्हणाले. "पंक म्हणते याले, विलायती धांगडधिंगा. लाव त्या प्लेअरवर. मी चहा सांगून येतो."

ते गेले. वेष्टनावरची वेडीवाकडी गुलाबी अक्षरे पाहून मेघाने भुवया उंचावल्या.

"भूत आहे का यात?"

"तुमाले मजाक सुचून राहिली."

"मी उमरेडची. आमच्या इकडे भुतं पुष्कळ. नागपूरचं एक पाहू द्या."

त्याच्या ओठांवर हसू येता येता राहिले. त्याने तबकडी ठेवली, सुई टेकवली आणि दोन पावले मागे सरकला.

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी जड पावलांनी जिना चढावा तसा ढोल. आणि मग तो आवाज — तोंडात माती भरलेल्या माणसाने विहिरीच्या तळातून हाक घालावी तसा, खोल, ओढलेला. मेघाच्या मानेवर काटा उभा राहिला. तिने नकळत त्या तरुणाचे मनगट धरले. ते बर्फासारखे गार होते.

"रोहितदादाची आहे," तो म्हणाला. "माझा मोठा भाऊ. मागच्या साली त्याची गाडी पुलावरून खाली गेली. सारे अपघात म्हणतात. पण तो दार लावून, हेडफोन घालून हेच आयके. अन् आतून धपधप आवाज ये. तो गेल्यावर मी हे लावलं... अन् मले वाटलं, डोकं आपटत असन तो भिंतीवर. बाजूच्या खोलीत राहून मले कळलं नाही."

"पुरतं आयकलं तुम्ही?"

"हिंमत नाही झाली."

"मग आज आयकू. नाव काय तुमचं?"

"प्रशिक."

"मी मेघा. आता बसा."

गाणे संपले. त्यानंतरच्या पोकळीत कुणीतरी हसले — हो, हसणेच होते ते. एकेक 'हा' सुटा, लांब, दमलेल्या बैलाच्या उसाशासारखा. प्रशिकचा हात सुईकडे गेला. मेघाने तो वाटेतच अडवला.

"माणूस इतका हळू हसत नाही, प्रशिक. किती वेगावर लावली?"

"तेहेतीसवर. बाबांची भीमगीतं तेहेतीसवरच चालतात. मोठी तबकडी तेहेतीस, लहान पंचेचाळीस. आमच्या घरी लेकरालेही ठाऊक आहे."

"पण हे विलायती पोरं तुमच्या घरचे कुठं होते?"

तिने बटण पंचेचाळीसवर फिरवले आणि सुई किंचित मागे नेली.

हसणे पुन्हा आले — लख्ख, खोडकर. पाठोपाठ पत्र्यावर गारा कोसळाव्यात तशी गिटार. मातीने तोंड भरलेला तो माणूस पाहता पाहता विशीतला उनाड पोरगा झाला. धापा टाकत, अडखळत, तरीही थांबायला तयार नसलेला.

प्रशिकचा एक पाय आपोआप जमिनीवर पडू लागला. धप. धप. तो दचकून पायाकडे पाहत राहिला.

"हाच आवाज ये," तो पुटपुटला. "तो उड्या मारून राहिला होता... नाचत होता वं तो."

"पुलावरचं मले नाही सांगता येत," मेघा हळूच म्हणाली. "दाराआडचं मात्र तू आपल्या कानानं आयकलं."

त्याने डोळे पुसले. चहा घेऊन आलेल्या देवाजींना तो म्हणाला, "नाही विकायची." मग तिच्याकडे वळून, "पण घरी एकट्यानं लावणार नाही."

"काहून? अजून भेव वाटते?"

"नाही... तू तिथं नसशील म्हणून."

मेघाने तबकडी उलटली, सुई टेकवली आणि त्याचा हात धरून त्याला उठवले. दोघे अवघडत, हसत नाचू लागले. देवाजी चहा हातात धरून दारातच थबकले होते.

फरशीवर मात्र पावले तिघांची वाजत होती — तिसरी, उड्या मारल्यासारखी, धप धप. मेघाने मागे वळून पाहिले नाही. प्रशिकचा हात तेवढा घट्ट धरला.