सरांनी दाखवलेली वाट

आंजी गावात त्या उन्हाळ्यात लाइट रोजच जायची. लोडशेडिंग सुरू झालं की पोरं उशा घेऊन गच्चीवर चढत, आणि अण्णाजी तिथे आधीच सतरंजीवर पाय पसरून बसलेले असत. दिवसभर धान्याच्या दुकानात मापाशिवाय न बोलणारा हा माणूस अंधार पडला की वेगळाच व्हायचा.

"आजोबा, एखादी भुताची सांगा ना," अंकित म्हणाला. "पन खरी पायजे."

"खोटं सांगाले मी का तुह्यासारखा बारावीत हाव? माह्या दोस्तासंग घडलेली हाय. माधव सर. हिंगणीच्या शाळेत इंग्रजी शिकवत. अठ्ठ्याण्णव साल. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, दुसऱ्या दिवशी अमावस्या. आता मधात कोनी उठाचं नाई."

मयुरी सरकून भावाला, अंकितला, चिकटली. अण्णाजींनी सांगितलं ते असं.

त्या दुपारी सर केळी आणायला निघाले होते. इंदिराबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, गुरुवार धरले होते. संध्याकाळी हळदीकुंकू, बायकांच्या हातावर द्यायला केळी हवी होती. हिंगणीला बदली होऊन सरांना दुसरंच वर्ष. शाळा, घर आणि बसस्टँड, गाव त्यांना तेवढंच ठाऊक.

डोमाजीच्या चहाच्या टपरीपुढे घोळका जमला होता. मधोमध एक गोरी बाई, पाठीवर मोठी थैली, पायात जाडजूड बूट. हॉलंडची. सकाळपासून ती एकटीच पायी फिरत होती. कापूस वेचणाऱ्या बायकांनी तिला भाकर-ठेचा खाऊ घातला होता, आणि ठेच्यानं तिच्या डोळ्यांतून कसं पाणी आलं याची नक्कल एक म्हातारा करून दाखवत होता. तीही हसत होती.

"सर आले, सर आले!" डोमाजी ओरडला. "आता पाहा कसे फाडफाड बोलते. आमाले तं तिचं काईच समजून नाई राह्यलं."

घोळक्यानं वाट दिली. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप तिथे उभे होते.

बाईनं समोरच्या पायवाटेकडे बोट दाखवलं आणि सावकाश विचारलं, ही वाट पाण्याच्या कडेने जाऊन परत डांबरी रस्त्याला लागते का? अंधार पडायच्या आत?

सरांना शब्द न् शब्द समजला. समजला नसता तर बरं झालं असतं. पण वाट कुठे जाते ते त्यांना माहीत नव्हतं. त्या वाटेवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

डोमाजीला विचारलं असतं तर त्यानं क्षणात सांगितलं असतं. पण मग सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. मास्तर, आणि माहीत नाही?

"येस," सर म्हणाले. "येस, येस. गो स्ट्रेट."

बाईनं हात जोडले. "नमस्ते," म्हणाली आणि सरळ निघाली.

"काय म्हने, सर?"

"काही नाही. फिरायला आलीय."

"पानी तरी पाजाचं होतं तिले. पाहुनी व्हय आपली," डोमाजी म्हणाला. तोवर ती लांब गेली होती. सरांनी केळी घेतली. घरी आले.

संध्याकाळी बायका आल्या, गेल्या. अंगणात लक्ष्मीची पावलं काढलेली. सर आत खुर्चीत बसून पेपर तपासत होते. तपासत कसले, एकच पान पुढ्यात होतं.

शेवटची बस गेली आणि डोमाजी फाटकाशी आला.

"सर, थे बाई बशीत नाई चढली."

"दुसऱ्या वाटेनं गेली असेल."

"दुसरी वाट कोनती? थे वाट तं पान्यात जाते, सर. धरनाच्या पान्यात. अन् भवताल जंगल. चार पोरं घेऊन पाहू का?"

चार पोरं म्हणजे चार कंदील. चार कंदील म्हणजे अख्खं गाव. आणि अख्खं गाव एकच विचारणार, तिला तिकडे धाडलं कोणी?

"नको," सर म्हणाले. "ती मला सांगूनच गेली. पोचली असेल."

डोमाजी गेला. सरांनी खुंटीवरची बॅटरी काढली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. इंदिराबाईंनासुद्धा सांगितलं नाही.

चांदणं नव्हतंच. सागाच्या वाळक्या पानांवर स्वतःचेच पाय वाजत होते. सरांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, त्या बाईचं नावसुद्धा आपण विचारलं नाही.

"मॅडम..."

काही नाही.

"मॅडम..."

मग मागे, आल्या वाटेवर, बांगड्या वाजल्या.

सर वळले. दोघी पाठमोऱ्या चालत होत्या, गावाच्या दिशेनं. एकीच्या पाठीवर थैली. दुसरी ठेंगणी, वाकलेली, नऊवारीतली. तिनं थैलीवालीचं मनगट धरलं होतं.

सरांनी बॅटरी मारली. उजेड बुटांवर पडला. शेजारच्या पायांवर... पडला नाही.

सर थांबले. दोघी चालत राहिल्या. सर निघाले. अंतर तेवढंच. पळाले. तेवढंच.

नऊवारीतून पाणी गळत होतं. टप. टप.

म्हातारीनं मागे वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. तरी सरांना वाटत होतं, ती आपल्याकडेच बघतेय...

गाव आलं. दोघी सरांच्या अंगणात शिरल्या. दाराचा उजेड बाहेर पडला. सरांचे पाय फाटकाबाहेर खिळले. स्वतःचं घर, पण आत जायचं धाडस होईना. निंबाआड उभे राहिले. किती वेळ, देव जाणे.

आत गेले तेव्हा ओट्यावर एकटी गोरी बाई पाणी पीत होती. कमरेपर्यंत ओली. इंदिराबाईंच्या हातात हळदीकुंकवाचं तबक.

"अहो, होता कुठे? ह्यांना एक आजी सोडून गेल्या. नखशिखान्त भिजल्या होत्या. म्हटलं, बसा. तर बसेनात. शेवटचा गुरुवार, दारात आलेल्या सवाष्णीला तशीच कशी जाऊ देऊ? दारातच कुंकू लावलं."

"मग?"

"मग म्हटलं, थांबा, हे येतील आता, तुम्हाला घरापर्यंत पोचवतील. तर म्हणाल्या..." इंदिराबाई अडखळल्या. "म्हणाल्या, त्याले वाट मालूम नाई. अन् सांगाची लाज वाटते त्याले. म्हणजे काय हो?"

सरांनी बॅटरी परत खुंटीला अडकवली.

सकाळी पहिल्या बसला सर त्या बाईला सोडायला गेले. तिनं सांगितलं, अंधारात पाऊल पाण्यात गेलं, ती खोल खोल शिरत होती, तेवढ्यात त्या आजींनी मनगट धरलं. हात फार गार होता. मग ती म्हणाली, तुमच्या गावाची माणसं फार चांगली आहेत. सरांनी मान खाली घातली.

टपरीवर त्यांनी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "डोमाजी, पाण्याकडे कोण राहतं?"

"तिकडं कोन राह्यते, सर? पानी हाय नुसतं."

गच्चीवर मयुरीनं हळूच विचारलं, "मंग सर?"

"वर्धेले बदली करून घेतली. मी जात असतो कधी कधी." अण्णाजींचा आवाज खाली आला. "इंदिरावहिनी चहा देते. तिच्या उजव्या हाताचं हे बोट... करंगळीजवळचं. ह्याच बोटानं कुंकू लावलं होतं तिनं. त्याचं टोक पांढरं पडलेलं हाय. सुरकुतलेलं. जसं पान्यात लई वेळ बुडवून ठेवलं. डॉक्टर झाले, मलम झाले. बाकी हात कोरडा राह्यते. हे बोट... ओलं."

अण्णाजींनी पसरलेले पाय जवळ ओढले.

"सर कप घेते. वर पाहत नाई."