माझ्या फंक्शनची बदनामी

मुकुंदवाडीला शेअर रिक्षात बसले, तर शेजारच्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर माझं फंक्शन! संगणकाच्या सी भाषेत मीच लिहिलेलं — मातीचा अहवाल आला की डेटाबेस त्याला हाक मारतो आणि ते खताचं प्रमाण काढून देतं. खाली सम्यकच्या नावानं अर्धवट मेल : ‘विशाखा यांच्या फंक्शनमुळे सर्व्हर बंद पडला. काढून टाकावे.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“विशाखा मीच,” मी म्हणाले. “आणि तुम्ही माती प्रयोगशाळेचे सम्यक. आजवर फक्त मेलवर भेटलेले.”

तो दचकला. डोळे मात्र छान होते... मला त्याचाही राग आला.

“तुमचं फंक्शन डेटाबेसच्या पोटातच चालतं... ते पडलं की सगळंच पडतं,” तो चाचरला. “म्हणून वाटलं —”

“म्हणून दिलं माझं नाव ठोकून! काल सुधारलेली फाइल पाठवली, ती टाकली कशी?”

“जुनीच्या वरच... कॉपी केली.”

“डेटाबेस चालू असताना?”

“...व्हय.”

“अहो, जुनी फाइल वापरात असताना तिच्यावरच नवी ओतली, तर सर्व्हर कोसळणार नाय तर काय! आधी वेगळ्या नावानं ठेवायची, मग अदलाबदल करायची. लिहून दिलं होतं मी!”

त्यानं मेल पुसला आणि नवा लिहिला : ‘चूक माझी. फंक्शन बरोबर आहे.’ त्याचे साहेब आप्पासाहेब, त्यांच्यासकट सगळ्यांना पाठवूनही टाकला.

“एक सांगू?” तो हळूच म्हणाला. “तुमचं फंक्शन मी उगंच उघडून बसतो. त्यातल्या तुमच्या मराठी टिपा... ‘नत्राचा आकडा रिकामा आला तर मनानं अंदाज बांधू नका.’ हे लिहिणारी कशी असेल, लई वाटायचं...”

“अंदाज बांधू नका असं वाचलं, न् तरी बांधलाच ना माझ्यावर!” माझे कान तापले होते, आणि ते नुसत्या रागानं नव्हतं. “आता आप्पासाहेब काय म्हणतील?”

“या महिन्यात नोकरीत कायम होणार होतो... आता बघू.”

“वेडे आहात का तुम्ही!” मी इतकी ओरडले की रिक्षावाला वळून बघायला लागला. आवडला होता मेला, आणि निघाला होता नोकरी घालवायला!

सेव्हन हिल्सला रिक्षा थांबली.

“तुमचं ऑफिस आलं,” सम्यक म्हणाला.

“कळतंय मला. मी क्रांती चौकापर्यंत येतेय, तुमच्या प्रयोगशाळेत. चूक कबूल करणारा माणूस घालवू नका, असं आप्पासाहेबांना मीच सांगते.”

“आणि... राग?”

“तो नाय गेला. संध्याकाळी चहा पाजा, मग बघू.”

“ताई, अजून एक सीट घ्यायचंय,” रिक्षावाला ओरडला. “जरा सरका!”

मी सरकले. सम्यककडं.