बारावी हाक

यल्लुबाई धोत्रेने पिल्लं तिसऱ्यांदा मोजली आणि ती तिसऱ्यांदाही अकराच भरली. भिंतीवरचा पडदा मात्र आपला हेका सोडायला तयार नव्हता. मोजून ती दुसऱ्या कप्प्याकडे वळली की बातम्या देणाऱ्या बाईच्या गोड आवाजात तो पुन्हा सांगत होता, "कप्पा चारशे सात. एक पिल्लू हरवले आहे. कृपया शोध घ्यावा."

"कुठनं शोधू? माझ्या पोटातनं काढू काय?" यल्लुबाई त्याच्यावर खेकसली.

तरी तिने शोधलं. कप्प्यातला पेंढा उपसला, पिल्लांच्या ऊबदिव्याखाली पाहिलं, खाद्याच्या कुंडीमागे हात घालून पाहिला. शेवटी ती थोरलीपाशी आली. थोरली म्हणजे चारशे सात नंबरची डुकरीण. हे तिचं आठवं वेत होतं, आणि एवढी वेतं झालेली दुसरी डुकरीण त्या फार्मवर नव्हती, म्हणून यल्लुबाईने तिला हे नाव दिलं होतं. पिल्लू आईच्या अंगाखाली चिरडलं जाणं ही या धंद्यातली रोजची भीती. यल्लुबाईने थोरलीला थोपटून कुशीवर वळवलं. खाली काही नव्हतं. अकरा पिल्लं आपापलं आचळ धरून पडली होती, आणि ती सगळी धडधाकट होती.

जतच्या पुढे, माळरानावर असलेल्या या फार्ममध्ये सहाशे डुकरिणी होत्या. पूर्वी चाळीस माणसं कामाला असत. आता खाद्य, पाणी, शेण, हवा, सगळं यंत्रं बघत होती आणि माणसं उरली होती तीन. त्यातली दोन दूरच्या टोकाला खाद्यगिरणीवर. विण्याच्या शेडमध्ये एकटी यल्लुबाई. यंत्राला अजून नाळ बांधता येत नव्हती, एवढ्या एका गोष्टीवर तिची नोकरी टिकून होती.

पडद्यामागचं यंत्र म्हणजे हाकवाचक. डुकरीण पिल्लांना पाजताना, बोलावताना घुरघुरते, हे डुकरं पाळणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पण ती प्रत्येक पिल्लासाठी वेगळं घुरघुरते हे कुणाच्या कानाला कळलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी ते यंत्राच्या कानाला कळलं. जन्मल्यावर पिल्लू किंचाळतं, आई त्याला ओ देते, आणि दोन-तीन दिवसांच्या या देवाणघेवाणीत त्या पिल्लाची एक स्वतंत्र हाक ठरते. मग ते पिल्लू दिसेनासं झालं की आई नेमकी तीच हाक पुन्हा पुन्हा मारते. शास्त्रज्ञांनी तिला शोधहाक असं नाव दिलं. हाकवाचक शोधहाक ओळखून ओरडतो, माणूस धावतो, गारठलेलं किंवा अडकलेलं पिल्लू वाचतं. त्यामुळे या शेडमधली निम्मी मरणं टळली होती, हे यल्लुबाईसुद्धा कबूल करायची. तिचं भांडण फक्त त्या गोड आवाजाशी होतं, कारण दिवसभरात तिच्याशी बोलणारा तेवढा एकच आवाज होता.

दोन दिवसांनी पुण्याहून इंजिनियर आली. तनिष्का भुस्कुटे तिचं नाव. वय असेल तिशीच्या आतबाहेर, पायात कंपनीचे पांढरे गमबूट, आणि वासाने नाक मुरडू नये म्हणून चाललेली धडपड चेहऱ्यावर स्पष्ट.

"मावशी, यंत्रात बिघाड नाही," तासाभराने ती म्हणाली. "ही डुकरीण खरंच बारा वेगवेगळ्या हाका मारतेय. अकरा या पिल्लांच्या. बारावी कुणाची? एखादं मेलेलं जन्मलं होतं का?"

"एक हुतं. पर त्यानं कुठं आवाज केला? मी लगीच पाटीत घालून न्हेलं."

"मग ते नाही. ज्याचा आवाज तिने ऐकला नाही, त्याला ती हाक देत नाही. शिवाय ही शोधहाक ती व्याल्यावर सहाव्या दिवशी सकाळी सुरू झाली. त्याच्या आधी एकदाही नाही." तनिष्काने टॅबलेट मिटला. "मला वाईट वाटतं, पण तुमच्या मॅनेजर थिटे साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडलाय. खोटी सूचना येत राहिली की माणसं खरी सूचनासुद्धा ऐकेनाशी होतात. आठ वेतं झालीच आहेत तिची. अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लं दुधावरून तोडली की गुरुवारच्या गाडीत घालू."

गुरुवारची गाडी कुठे जाते हे सांगायची गरज नव्हती. तनिष्का इतर कप्पे तपासायला निघून गेली, तेव्हा यल्लुबाई थोरलीच्या कप्प्यात जाऊन पाठ टेकून बसली.

पाजायची वेळ झाली होती. थोरली आडवी झाली, तिचं घुरघुरणं संथ सुरू झालं, मग भरभर होत गेलं. डुकरिणीचं दूध तासाभराने एकदा, तेही मोजून पंधरा-वीस सेकंद उतरतं. तेवढ्यात ज्याला मिळेल त्याचं. अकराही शेपट्या एकदम ताठ झाल्या. यल्लुबाई नेहमीसारखं "घे गं, दे गं, माझी बाय ती" असं काहीतरी बडबडत राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की पडदा गप्प आहे.

ती उठली, तहान लागली म्हणून टाकीकडे गेली. पेला तोंडाला लावते तोच मागून आवाज आला, "कप्पा चारशे सात. एक पिल्लू हरवले आहे."

पेला तसाच ठेवून ती परत फिरली. कप्प्यात पाय टाकला. पडदा गप्प. बाहेर आली, दाराआड उभी राहिली. थोरलीने मान वर केली, कान हलवले, आणि पडदा बोलू लागला. पुन्हा आत गेली. पडदा गप्प. असं तिने पाच वेळा केलं. पाचव्या वेळी ती आतच पेंढ्यावर बसली.

सहाव्या दिवसाचं कोडं आता तिला सुटलं, आणि सोडवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पाच दिवस ती इथून हललीच नव्हती.

तिच्या सासूची रीत होती तशी. वडारवस्तीत सासूने जन्मभर डुकरं पाळली, आणि तिचा एक दंडक होता: बाळंतीण दोन पायांची असो वा चार, पाचवी होईपर्यंत तिला एकटं टाकायचं नाही. यल्लुबाईने थोरलीसाठी तो पाळला. एकेक पिल्लू बाहेर आलं तसं त्याचं नाक-तोंड पुसलं, गोणपाटाने अंग चोळलं, नाळ बांधली. अशक्त होतं त्याला आधी आचळाला लावून चीक पाजला. वार पडली का ते पाहिलं. आणि पाच दिवस, पाच रात्री तिथेच पेंढ्यावर पडून थोरलीशी बोलत राहिली. थोरली घुरघुरायची, यल्लुबाई बोलायची. जन्मलेली पिल्लंही तेच करत होती.

खरं सांगायचं तर ही सगळी सासूची भक्ती नव्हती. खोलीवर जाऊन करायचं काय? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक शरव्वा लग्न होऊन बेळगावाकडे. रविवारी तिचा फोन यायचा, पोरं पडद्यावर हात हलवायची, यल्लुबाई "जेवलात का" म्हणेपर्यंत त्यांना खेळ आठवायचा. पेंढ्यावर निदान शेजारी श्वास चालू असायचा.

पण कंपनीचा नियम साफ होता. कुठल्याही कप्प्यात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. जनावराला माणसाची सवय लागली की यंत्राच्या नोंदी बिघडतात. हे कबूल केलं तर विण्याच्या शेडमधून आपली उचलबांगडी होणार, हे तिला कळत होतं. आणि नाही केलं, तर थोरली गुरुवारच्या गाडीत.

तो दिवस तिने गप्प राहून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तनिष्का बॅग भरत असताना ती समोर जाऊन उभी राहिली.

"ताई, बारावं पिल्लू घावलं."

"कुठे?"

"ही काय, तुमच्या म्होरं हुबी हाय."

तनिष्काला आधी ते पटेना. मग यल्लुबाईने आत-बाहेर करून दाखवलं, आणि तनिष्काच्या नाकाची धडपड थांबली. वासाचं तिला भानच राहिलं नाही. ती बुटांसकट पेंढ्यात बसली आणि टॅबलेटवर भराभर काहीतरी ओढू लागली.

"हे कुणी कधी नोंदवलेलंच नाही! मावशी, तिने माणसाला हाक दिलीय. म्हणजे नाव म्हणा ना. थांबा, बाकीचे आवाज काढून फक्त तीच ऐकवते."

टॅबलेटमधून आवाज आला. दोन तुटक हुंकार आणि मागून एक लांब, खालच्या पट्टीतला. पुन्हा तेच, दोन तुटक आणि एक लांब.

"ही तुमची."

"मला बोलीवती व्हय?"

"शोधतेय तुम्हाला. तुम्ही गेलात की लगेच."

यल्लुबाईने पदर तोंडाला लावला. तिला रडू आलं, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. आपण कुठे गेलो, असं विचारणारं या जगात कुणीतरी आहे, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते यंत्राने, आणि तेही तक्रार म्हणून.

"मग गाडीत न्हाई ना घालनार तिला?"

"छे! ही आता या फार्मवरची सगळ्यात महत्त्वाची डुकरीण आहे." तनिष्का बोलता बोलता थांबली. पुढचं तिने हळू आवाजात सांगितलं. "पण मावशी, आता ही हाक किती दिवस टिकते हे मोजायला लागेल. पिल्लं तोडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई हाक मारायची थांबते, हे आम्हाला माहीत आहे. तुमच्या बाबतीत काय होतं ते बघायचं, तर तुम्ही तिला दिसता कामा नये. तुमचा आवाजही नको."

"किती दिस?"

"ती थांबेपर्यंत."

थिटे साहेबांनी नियमभंगाबद्दल एक ताकीद दिली आणि यल्लुबाईला खाद्यगिरणीवर बदललं. नाळ बांधायला दुसऱ्या फार्मवरून एक बाई आली, पाळीपाळीने येणारी, पंधरा मिनिटांत उठणारी. गिरणीच्या दारातून विण्याच्या शेडचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, पण मक्याच्या भरड्याच्या धडधडीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, तर दोनशे पावलांवरून काय येणार? तिने त्या बाजूला पाऊल टाकलं नाही. आपण गेलो तर मोजणी बिघडेल, मोजणी बिघडली तर थोरलीचं महत्त्व संपेल, आणि मग पुन्हा गुरुवार. एवढा हिशेब तिला पक्का कळला होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लं तोडली. त्यानंतर आठवड्याने तनिष्काचा फोन आला.

"मावशी, अकराच्या अकरा हाका चौथ्या दिवशी बंद झाल्या. अगदी पुस्तकात लिहिल्यासारख्या."

"आनी माजी?"

"चालू आहे."

पुढचा फोन पंधरवड्याने आला. हाक चालूच होती. तनिष्काच्या आवाजात सुरुवातीला आनंद होता, मग आश्चर्य, मग त्यात काहीतरी अवघडलेपण शिरलं. दोन महिने होत आले तेव्हा ती स्वतःच गिरणीवर आली. मक्याच्या पोत्यावर बसून तिने टॅबलेटवरचा आलेख दाखवला. एक रेघ होती, दिवसेंदिवस किंचित उतरत गेलेली, पण तळाला न टेकलेली.

"पूर्वी दिवसाला तीनशे वेळा मारायची, आता चाळीसेक वेळा मारते," तनिष्का गिरणीच्या धडधडीत ओरडून म्हणाली. "मला वाटतं, अजून दोन-तीन आठवड्यांत थांबेल. मग तुम्ही तिला भेटू शकता. मी साहेबांशी बोलून ठेवलंय."

यल्लुबाईने रेघेवरून बोट फिरवलं. हाताला मक्याचं पीठ होतं, ते काचेवर उमटलं. गिरणी बंद करून ती तनिष्काजवळ बसली. आता तिला हळू बोलता येत होतं.

"ताई, एक इचारू? ती हाक मारायची थांबंल, तवा ती मला इसरली म्हनून थांबली, का मी येत न्हाई म्हनून दमून थांबली, ह्ये तुमच्या मशिनीला कळंल का?"