फरक आढळल्यास दुरुस्ती

"आजपासून या सरकारला खोटं बोलायची सोयच उरलेली नाही!" युद्धमंत्री अच्युतराव रेडीज म्हणाले आणि समोरच्या राखाडी यंत्राच्या पाठीवर त्यांनी बैल विकत घेतल्यासारखी थाप मारली.

सभागृहाच्या युद्ध समितीच्या सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे फिरले. कातळद्वीप गणराज्याचं मीठबेटांशी तीन वर्षं युद्ध चाललं होतं, आणि मंत्री समितीपुढे जे सांगत ते आघाडीवर कधीच सापडत नसे. शेवटी समितीच्या अध्यक्षा प्रमोदिनी खानविलकर यांनी भांडून कायदा करून घेतला : मंत्र्यांचं निवेदन आणि आघाडीची स्थिती यांत फरक राहता कामा नये. त्यासाठी हे यंत्र बसवलं होतं, 'सत्यजोड'. त्याचा एक कान समितीच्या मायक्रोफोनला आणि इतिवृत्ताला, तर दुसरा आघाडीवरच्या प्रत्येक तुकडीला जोडलेला.

"तर प्रगती अशी," मंत्री पेढा गिळत म्हणाले, "काळकडा आपण काबीज केलेला आहे."

यंत्रावर लाल दिवा लागला. 'फरक आढळला.'

"सापडलात की नाही, रेडीजसाहेब?" खानविलकरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच.

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. 'दुरुस्ती सुरू.' भिंतीवरच्या नकाशात कड्याच्या पायथ्याशी निवांत बसलेले निळे ठिपके हलले आणि वर चढायला लागले. वर शत्रूच्या तोफा होत्या. ठिपक्यांवर नाव होतं : तुकडी कासव, कॅप्टन केतकी खानविलकर. बाईंची मुलगी.

"हे कुठं निघालेत?" बाईंचा आवाज चिरकला.

यंत्र बनवणारा हर्षल टिपणीस चष्मा पुसत पुढे आला. "ताई, कायद्यात एवढंच होतं, की फरक राहता कामा नये. कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं ते लिहिलंच नव्हतं. निवेदन खोटं ठरलं तर हक्कभंग होतो. आघाडी खोटी ठरली तर... त्याला कलमच नाही. म्हणून यंत्र मुख्यालयाच्या नावानं आदेश पाठवून आघाडी दुरुस्त करतं."

"बंद कर ते!"

"सभागृहाचा ठराव लागतो. सभागृह सोमवारी."

बाईंनी फोन लावला. "केतकी, चढू नकोस!"

"अगं आई, मुख्यालयाच्या शिक्क्यानिशी आदेश आलाय," पलीकडून धापा टाकत उत्तर आलं. "आईनं नको म्हटलं म्हणून थांबले, असं कोर्ट मार्शलला सांगू?"

बाई मंत्र्यांकडे वळल्या. "शब्द मागे घ्या!"

"मागे कसा घेणार? उद्या पेपरात काय येईल?" मंत्र्यांना घाम फुटला होता. पण अडचणीत काय बोलायचं ते त्यांना वीस वर्षांच्या सवयीनं पाठ होतं. "काळकड्याबाबतची माहिती अंशतः खरी आहे."

निम्मे ठिपके थांबले. निम्मे चढत राहिले.

"अहो, हे आणखी वाईट!" हर्षल ओरडला.

मंत्री गडबडले. "बरं, मग... प्रश्न उद्भवत नाही!"

सगळेच ठिपके नकाशावरून गेले. बाई पांढऱ्याफटक पडल्या. मग फोन वाजला. "आई, तिकडे काय चाललंय? जेवणाची गाडी आम्हाला ओळखत नाहीये. म्हणते, अशी तुकडीच नाही. खाली छावणीत मांडलेली आमची ताटंही उचलून नेली म्हणे!"

बाईंनी मायक्रोफोन मंत्र्यांच्या ओठांना टेकवला. "म्हणा, तुकडी कासव छावणीत आहे आणि जेवते आहे."

"म्हणजे माघार?"

"जेवणाऱ्याला कोणी माघार म्हणतं का? म्हणा, नाहीतर ही पेढ्यांची परात डोक्यात घालीन."

मंत्र्यांनी म्हटलं. ठिपके परत उमटले आणि घाईघाईनं कड्यावरून खाली आले. थोड्या वेळानं केतकीचा फोन आला. "पोचलो गं सगळे. पण आता जेवण थांबवूच देत नाहीत. पोळ्या येतच आहेत."

"खा," बाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत मटकन खाली बसल्या. "सोमवारपर्यंत खात बस."

मंत्र्यांनी तोंडावर रुमाल धरला. आता काही म्हणजे काही बोलायचं नाही, असं त्यांनी खुणेनंच सांगितलं. सदस्य पिशव्या आवरायला लागले.

"एक विषय राहिला," समितीचे सचिव बोंद्रे म्हणाले. "मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करायचं. खरं तर पहिलाच विषय, पण उद्घाटनात राहून गेला. कायम करायचं ना?"

इतिवृत्त वाचून बघायचा समितीत रिवाज नव्हता. सगळ्यांनी हात वर केले. खानविलकरबाईंनीही केला.

मागच्या बैठकीत मंत्र्यांनी सांगितलं होतं, की तुकडी कासवनं खाडी ओलांडली आहे. तेव्हा यंत्र नव्हतं, आणि याच थापेवरून बाईंनी कायद्यासाठी आकांडतांडव केलं होतं.

दिवा हिरवा झाला. तुकडीजवळ होड्या नव्हत्या. ठिपके पाण्यात उतरले.